होमाआधीचा शिमगा

फाल्गुन शुद्ध द्वादशी

कुंभार्ली घाट उतरताना पानगळ झालेल्या डोंगरांवर लाल रंग दिसतो तो दोनच झाडांचा, पळसाचा आणि सावरीचा. कोयनानगरपर्यंत हवा कोरडी होती. घाट संपला आणि ऊन अंगाला चिकटायला लागलं. चिपळूणला गाडी बदलली. संगमेश्वरच्या एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. निम्मे प्रवासी मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले चाकरमानी. एकाच्या मांडीवर चक्क नवा कोरा ताशा. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं आणि सगळी गाडी हसली.

माझ्या मावशीचं सासर संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खोऱ्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे मानापानाचं बरंच येणार आहे आणि ते वाचून तिथं नवा वाद उभा राहायला नको.

आम्ही घाटावरची माणसं. आमच्याकडे होळी एका संध्याकाळची. खड्ड्यात एरंडाची फांदी उभी करायची, भोवती गोवऱ्या आणि लाकडं रचायची, पेटवून पोळीचा नैवेद्य टाकायचा, पोरांनी बोंब ठोकायची आणि घरी येऊन जेवायचं. इथे फाक पंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, रोज रात्री सहाणेसमोर छोटी होळी पेटत होती. सहाण म्हणजे गावाच्या मध्यावरचा दगडी चौथरा. शिमग्यात देवाची पालखी देवळातून निघून इथे येऊन बसते.

"ह्या पोरांच्या होळ्या," मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणाले. "खरी ती पुनवेची."

पोरांच्या म्हटल्या तरी पोरं त्या मन लावून करतात. दिवसभर रानात फिरून काटक्या, झापं, वाळका पाला गोळा होतो. कुणाच्या गडग्यावरचं, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरचं, लाकूड नाहीसं झालं तर शिमग्यात त्याची तक्रार करायची नाही असा रिवाज आहे. मावशीच्या शेजारणीनं संध्याकाळी तक्रार केलीच, पण पोरांना चहा देता देता.

त्रयोदशी

नदीपलीकडच्या गावाचा शिमगा तेरसेचा, म्हणून काका आज तिकडे घेऊन गेले. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याचे दोन कालक्रम आहेत. काही गावं त्रयोदशीला होम करतात, म्हणजे मोठी होळी पेटवतात, ती तेरसे शिमग्याची. बाकीची पौर्णिमेला करतात, त्यांचा भद्रेचा शिमगा. पौर्णिमा तिथीच्या पूर्वार्धात विष्टी हे करण, म्हणजे अर्ध्या तिथीचा काळ, येतं, त्यालाच भद्रा म्हणतात आणि भद्रेत होळी पेटवायची नसते. त्यामुळे पौर्णिमेवाल्यांना पंचांग बघत, भद्रा संपायची वाट बघत जागावं लागतं. तेरसेवाले या भानगडीतून सुटलेले.

शेजारशेजारच्या दोन गावांच्या तिथी वेगळ्या का, याचं उत्तर विचाराल तितकी मिळतात. काकांच्या मते आमचा देव थोरला, म्हणून मोठा दिवस आमचा. पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यानं तोच पुरावा उलटा लावला: देव त्यांचा थोरला, म्हणूनच होम आधी त्यांचा. मला वाटतं, यात सोयीचा भागही मोठा असावा. ढोलवाले, सनईवाले, लेकी-जावई, पै-पाहुणे सगळे एकाच रात्री सगळीकडे कसे पुरणार? तिथी वेगळी असली की एकमेकांच्या गावाला जाता येतं आणि एकमेकांचा होम कसा फसला हे वर्षभर सांगता येतं.

पलीकडचा होम मात्र फसला नाही. गवताच्या पेंढ्या चांगल्या वाळलेल्या होत्या. आग बुंध्याशी लागली आणि बघता बघता माणसाच्या दुप्पट उंचीवर गेली. पालखी होमाभोवती फिरली, नारळ आत पडले आणि जरा वेळानं पोरं लांब काठ्यांनी ते भाजलेले नारळ बाहेर ओढायला लागली. धूर लागलेलं ते खोबरं काळपट आणि गोडसर लागतं. दुकानातल्या सुक्या खोबऱ्याला ती चव नाही.

आम्ही बायका वरच्या बांधावर उभ्या होतो. होमाजवळ गेलो असतो तर कुणी हाकललं नसतं, पण कुणी जातही नव्हतं. खालून बोंबा चालू होत्या. या बोंबांना पुराणाचा आधार आहे. भविष्योत्तर पुराणात ढुंढा नावाची राक्षसी पोरांना छळते. तिला शस्त्रानं मरण नाही, म्हणून अग्नी पेटवून, आरडाओरडा करून, वाटेल ते बोलून पोरांनी तिला पळवून लावावं, असा उपाय रघुराजाला सांगितला जातो. शिमग्यावर लिहिणारे यावरून पुढे सांगतात की वर्षभर तोंड दाबून बसलेल्याला एक दिवस मोकळं बोलायची ही मुभा आहे. ऐकायला छान आहे. बांधावरच्या बायकांना विचारलं तेव्हा एक आजी म्हणाली, "आमच्या वेळी बोंब कुनाच्या नावानं? सावकाराच्या नावानं एक, न् बायांच्या नावानं धा." आता तसं फारसं होत नाही. माईकवरून मंडळाचा अध्यक्ष दर पाच मिनिटांनी "मर्यादा पाळा" म्हणत होता. पोरांनी मग त्याच्याच नावानं बोंब मारली.

चतुर्दशी

आज होळीचं झाड आणायचं. माझ्या मते शिमगा बघायचा असेल तर हा दिवस चुकवू नये. होमाचे फोटो सगळे काढतात, झाड आणायच्या वेळी गावाबाहेरचं मी एकटीच होते.

कुठलं झाड होळीला चालतं हे गावागणिक बदलतं. किनाऱ्याकडे सुरमाड, कुठे पोफळ, कुठे सावर. या गावाला आंबा लागतो. त्याची निवड शिमग्याच्या आधीच गावकीच्या, म्हणजे गावातल्या मंडळींच्या, बैठकीत झालेली असते. आंबा सरळ वाढलेला हवा, शेंड्याला पालवी हवी आणि मालकानं राजीखुशीनं दिलेला हवा. पुष्कळदा तो नवसानं दिला जातो. यंदाचा असाच होता, मुलाला नोकरी लागली म्हणून बोललेला. नवस मालकाचा होता आणि झाड मालकिणीच्या लोणच्याचं होतं. ती माउली घराच्या पडवीत तोंड फिरवून बसलेली. "रायवळ होता, पन लोनच्याला असा आंबा न्हाय," एवढंच म्हणाली आणि झाड पडलं तेव्हा आत निघून गेली.

पहिला घाव कुणी घालायचा हे ठरलेलं. घाव घालण्याआधी झाडाला नारळ द्यायचा, तोही कुणी द्यायचा हे ठरलेलं. झाड पडलं की खालच्या फांद्या छाटायच्या, शेंड्याचा पाला तसाच ठेवायचा. मग ते खांद्यावर घ्यायचं. बुंध्याकडे कुणाची वाडी, मध्ये कुणाची, शेंड्याकडे कुणाची, हेही ठरलेलं. बुंधा सगळ्यात जड आणि मान सगळ्यात मोठा. मुंबईहून आलेली नाजूक खांद्यांची पोरंसुद्धा बुंधा सोडत नव्हती, कारण वाडीचा प्रश्न.

ट्रॅक्टर उभा होता. सरळ रस्त्यानं दहा मिनिटांत झाड सहाणेवर आलं असतं. ते आलं शेतातून, गडगे ओलांडून, पऱ्यातून म्हणजे ओढ्यातून, कारण वाट ठरलेली. पऱ्यात चिखल नव्हता पण गोटे होते आणि तिथे मिरवणूक अडली. "होऽलियो" असा पुकारा झाला की सगळ्यांनी एकदम उचलायचं. ढोल थांबवायचा नाही. एका वाडीनं पुकारा केला की दुसरी गप्प बसायची, असं दोन-तीनदा झालं. शेवटी एका म्हाताऱ्यानं दोघांच्याही आया काढल्या आणि झाड वर आलं.

हे सगळं लक्षात कसं ठेवतात म्हणून विचारलं. काकांनी रात्री गावकीची वही दाखवली. घावाचा मान, नारळाचा मान, बुंध्याचा मान, पालखीचा पहिला खांदा, होमाला पहिली चूड म्हणजे पेटता पलिता, पालखी कुठल्या घरी आधी, कुठल्या घरी नंतर. जमिनीच्या सातबाऱ्यात इतका तपशील नसतो. वहीत काही ओळी खोडलेल्या, काहींवर "वाद" असं लिहिलेलं. मानावरून गावं कोर्टात गेली आहेत, पालख्या वर्षानुवर्षं देवळाबाहेर निघालेल्या नाहीत, बंदोबस्तात होम झाले आहेत. पहिल्यांदा मला हे हास्यास्पद वाटलं. वही वाचताना वाटेनासं झालं. या गावात कोण कोण आहे आणि कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, याची दरवर्षी फेरहजेरी घेतली जाते आणि ती घ्यायला झाड, पालखी आणि आग लागते.

पहिल्या पानावर खोताचा नारळ. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. बॉम्बे कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. खोतांची जमीन गेली, वसुली गेली. नारळ राहिला. आजचा खोत पुण्यात बँकेत नोकरीला आहे आणि नारळ द्यायला रजा काढून येतो.

वहीत एक वाडी कुठेच नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे. सकाळी मी तिकडे गेले. एक निवृत्त गुरुजी भेटले, त्यांनी अंगणात खुर्ची दिली. त्यांच्या आज्यापर्यंत होमाचं लाकूड आणि विस्तव पुरवणं या वाडीकडे होतं. होळीचा विस्तव चांडाळाच्या घरून मुलांकरवी आणवावा असं वचन जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहे, हे मला वाचून माहीत होतं. मी ते सांगितलं आणि म्हटलं, म्हणजे एका अर्थानं पहिला मान तुमचाच. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मान नव्हता तो. काम होतं. मान असता तर चूडही आम्हीच लावली असती." १९५६ च्या धर्मांतरानंतर वाडीनं ते काम सोडलं. नंतर गावानं एकदा बोलावणं पाठवलं होतं, वाडीनं नम्रपणे नाही म्हटलं. आता त्यांचा मोठा दिवस १४ एप्रिलचा आणि त्या मिरवणुकीला वरच्या वाड्यांतली पोरं ताशा वाजवायला येतात.

होळी नेमकी कुणाची, हा प्रश्न भलताच जुना आहे. वेदातल्या विधींची चर्चा करणाऱ्या जैमिनीच्या प्राचीन मीमांसासूत्रांत होलाकाधिकरण म्हणून एक भागच आहे. पूर्वेकडचे लोक होलाका करतात, तर ती फक्त त्यांनीच करायची की सर्वांनी? मोठ्या काथ्याकुटानंतर निर्णय सर्वांच्या बाजूनं लागतो. गावकीच्या बैठकीत हा निर्णय अजून पोचायचा आहे.

पौर्णिमा

दुपारी देवळात रुपं लावली. रुपं म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे. वर्षभर ते पेटीत असतात. गुरवानं एकेक काढून पुसला, पालखीत बसवला, वस्त्रं नेसवली, दागिने घातले. हे काम बघायला मिळालं कारण मावशीनं गुरवाच्या बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं. शिमग्यात ओळखी सगळ्यात उपयोगी.

संध्याकाळी पालखी निघाली. इथे पालखी नुसती मिरवत नाहीत, नाचवतात. खांद्यांवरून हातांवर, हातांवरून डोक्यावर, ढोलाच्या ठेक्यावर गरागरा. खालचे भोई बदलत राहतात, पालखी थांबत नाही. नाचवणाऱ्यांत एक शाळामास्तर, एक रिक्षावाला, विरारहून आलेला एक चार्टर्ड अकाउंटंट. त्याचे डोळे मिटलेले होते. सोबत नमनाची, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याची, मंडळी. काळा झगा, टोकदार टोपी, कमरेला घुंगरं असा संकासुर पोरांच्या मागे धावत होता. गोमू म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष. ही गोमू मिशी काढायला तयार झाली नव्हती, तिनं नुसताच पदर तोंडावर ओढला होता.

होळी उभी करायला मध्यरात्र झाली. खड्ड्यात बुंधा, शेंड्याला दोर, खालून बांबूंचे टेकू. दोन वेळा झाड कलंडलं आणि लोक पांगले. तिसऱ्यांदा उभं राहिलं तसा एवढा गलका झाला की मावशीच्या मांडीवर झोपलेलं तिचं नातवंड दचकून रडायला लागलं. मग भोवती गवताच्या पेंढ्या, शेणी, बांबू, काटक्या रचल्या.

आणि मग वाट बघणं. भद्रा संपायला अवकाश होता. म्हातारे पंचांगावरून, पोरं मोबाइलवरून वेळ सांगत होती आणि दोन्ही वेळांत फरक पडत होता. शेवटी गुरवाची धरली. बायका घरी जाऊन पुरणपोळ्या करून परत आल्या. नमनाच्या कलाकारांनी चहा प्यायला. एक जण पालखीजवळच झोपून गेला.

पहाटे गाऱ्हाणं झालं. गाऱ्हाण्यात काव्य शोधणाऱ्यांनी त्यातली नावं ऐकावीत. गुरव एकेक वाडीचं नाव घेत होता, त्या वाडीची संकटं सांगत होता, परगावी गेलेल्यांना सांभाळ म्हणत होता, आणि दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मुंबईच्या चाळींची, सुरतेच्या गिरणीत असलेल्यांची, आखातात नोकरीला गेलेल्यांची नावंही त्यात येऊन गेली. ढोर-वासरू, आंब्याचा मोहर, बिबट्या, सगळं आलं. गाऱ्हाणं ठरावीक शब्दांचं असेल असं मी समजत होते. बिबट्या मागच्या पावसाळ्यात नवा आला आहे म्हणे.

चूड लागली. आग गवतानं धरली, शेणींनी धरली, बांबू फटाफट फुटायला लागले. नवीन लग्न झालेली जोडपी नारळ घेऊन फेऱ्या मारत होती. एक मुलगा मोबाइल वर धरून मस्कतमधल्या भावाला होम दाखवत होता, कुणीतरी त्याला मागून खेचलं म्हणून त्याच्या भुवया वाचल्या. पालखी फिरली. अर्ध्या तासात आग खाली बसली.

झाड जळलं नाही. मी हे आधी ऐकलं नव्हतं, म्हणून नोंदवते. ओला आंबा तो, त्याच्या सालीला काळं लागलं, खालचा पाला करपला, पण खोड तसंच ताठ उभं. जळायचं ते गवत. ही होळी आता पुढच्या शिमग्यापर्यंत सहाणेसमोर अशीच उभी राहणार आणि पुढच्या वर्षी हिचा खुंट काढून नवीन झाड बसणार.

वद्य प्रतिपदा, धूळवड

सकाळी होमाच्या निखाऱ्यांवर बायकांनी पाण्याची भांडी ठेवली आणि त्या पाण्यानं पोरांना आंघोळी घातल्या. उन्हाळा बाधत नाही असं म्हणतात. नंतर राख कपाळाला लावून एकमेकांच्या अंगावर फासायचा कार्यक्रम झाला. रंग नाही, रंगाला रंगपंचमी आहे. मुंबईच्या एका पोरानं पिचकारी काढली तर आजीनं ती काढून घेतली.

भोयांचे खांदे सुजले होते. त्यांच्यापैकी एकाला विचारलं, दुखत नाही? म्हणाला, "पालखी नाय मिळाली तर जास्त दुखतं." आज त्याच्याकडून सावर्ड्याची गोष्ट कळली. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यात होल्टे होम असतो, पेटती लाकडं एकमेकांच्या अंगावर भिरकावतात. बघायला त्याच्याबरोबर चल म्हणत होता. मावशीनं माझ्या वतीनं नकार दिला, तोही मला न विचारता.

दुपारभर गाव झोपलं.

तृतीया

आता पालखी घरोघर फिरते आहे. मावशीच्या घरचा क्रम आज होता. अंगण सारवलं, रांगोळी घातली, आणि काल-परवापर्यंत बांधावर उभ्या असलेल्या बायका आज पुढे झाल्या. पालखी दारात आली की घर त्यांचं. मावशीनं ओवाळलं, देवीची ओटी भरली, लेकीसाठी काहीतरी पुटपुटली. मोठी सून पालखीखालून तीनदा गेली. शेजारची विधवा काकू मागे उभी होती, तिला मावशीनं हाताला धरून पुढे आणलं आणि तिच्याकडून नारळ देववला. मानकऱ्यांपैकी एकाच्या कपाळाला आठी पडली. कुणी काही बोललं नाही, वहीतही बहुधा लिहिणार नाहीत.

पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागायला संकासुर आला, त्याला पैसे आणि करंज्या मिळाल्या. मग पालखी पडवीत टेकली आणि मानकरी चहाला बसले. इथे मुद्द्याचं निघालं. पुढच्या वर्षी झाड आमच्या काकांकडचं घ्यावं असं गावकीच्या मनात होतं. काका लगेच हो म्हणाले, त्यांची छाती फुगलीच. बशी खाली ठेवून मानकऱ्यानं वही उघडली.

"थांबा," मावशी आतून म्हणाली. "कुठला आंबा ते लिवा आधी. पानंदीवरचा रायवळ. हापूसाला हात लावायचा न्हाय."

"वैनी, रायवळ वाकडा हाय."

"मंग वाकडी होळी करा."

देवासमोर फार ताणता येईना. मानकऱ्यानं वहीत "रायवळ, पानंद" असं लिहिलं, मावशीनं चष्मा लावून ते वाचून घेतलं आणि त्यांना दुसरा चहा दिला.